दाराला कडुलिंब लावा, पण दारही लावून घ्या

चैत्राच्या उन्हात वाशीजवळच्या एका वस्तीवरून आजी नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. अंगभर लाल पुरळ, डोळे चिकटलेले, छातीचा भाता चाललेला. पुरळ उठून पाच दिवस झाले होते. "देवी आलीया, सुई-गोळी चालत न्हाई म्हनले समदे," आजी म्हणाल्या. घरात फोडणी बंद, दाराला कडुलिंब, उशाला लिंबाचा पाला. सगळं नेमानं पाळलं होतं. मात्र शेजारच्या बाया लेकरं काखेत घेऊन पाया पडून गेल्या होत्या. पंधरा दिवसांनी त्यांतली चार लेकरं माझ्यासमोर होती.

हा गोवर होता. देवीच्या रोगाचा शेवटचा रुग्ण भारतात १९७५ साली सापडला. लसीनं तो रोगच संपवला. गोवर मात्र आहे. रोगी खोलीतून उठून गेला तरी त्याचे विषाणू हवेत दोन तासांपर्यंत राहतात. लस न घेतलेली दहा मुलं जवळ आली तर नऊ जणांना तो होऊ शकतो.

"आमची वस्ती आडबाजूला, इथं कुठला रोग?" असं मला अनेकजण म्हणतात. समुद्रातल्या फेरो बेटांवरही ६५ वर्षं गोवर नव्हता. १८४६ साली तो एकदा शिरला आणि सुमारे ७,८०० लोकांपैकी ६,००० जणांना झाला. पानुम नावाच्या तरुण डॉक्टरनं माग काढला. एका गावचे दहा जण होडीतून देवमाशाच्या सामूहिक शिकारीला गेले होते. चौदाव्या दिवशी दहाही जणांच्या अंगावर पुरळ उठलं. तिथली शिकार, तशी आपली जत्रा. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेली कुटुंबं उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्या लेकरांची लस बऱ्याचदा फडावर राहून गेलेली असते. त्याच दिवसांत येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा, घरोघरी जावळं, लग्नं. रोगाला आणखी काय हवं?

मी रीत मोडा म्हणत नाही. एवढं करा:

• ताप, खोकला, लाल डोळे आणि मग पुरळ दिसलं की त्याच दिवशी आशाताईंना कळवा. पुरळ उठण्याआधीचे चार आणि नंतरचे चार दिवस रोग पसरतो. तेवढे दिवस ना जत्रा, ना पाया पडणं.

• 'अ' जीवनसत्त्वाचे दोन डोस डॉक्टरांच्या सल्ल्यानं लागोपाठ दोन दिवस द्या. त्यानं डोळे वाचतात, जीवही वाचतो.

• अंगावरचं दूध, वरण-भात, पाणी चालू ठेवा. उपाशी लेकरू रोगाला लवकर हरतं.

• धाप, झटके, गुंगी, दूध न ओढणं किंवा डोळ्यात पांढरं दिसणं: यातलं काहीही झालं तर थेट रुग्णालय गाठा.

• संपर्कात आलेल्या, लस न झालेल्या मुलाला ७२ तासांच्या आत लस मिळाली तर रोग टळू शकतो. तिथं घाई करा.

• गोवर-रुबेलाची लस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांत. सरकारी केंद्रात ती फुकट मिळते, गाव कुठलंही असो.

दाराचा कडुलिंब पाहून येणारा माणूस बाहेरच थांबायला हवा. तसं झालं तर तो पाला औषधाइतका उपयोगी. आणि यंदा फडावर निघताना गाडीत कोयता, भांडी, पीठ भराल, तेव्हा लेकराच्या लसीचं कार्डही पिशवीत घालून न्या.