‘गल्फ स्ट्रीम’ आपल्या गल्फमधला का?

प्रश्न : आम्ही मूळचे नाशिकचे. सध्या अबू धाबीजवळ मोहम्मद बिन झायद सिटीत राहतो. ‘गल्फ स्ट्रीम’ या उष्ण प्रवाहामुळे युरोपचा हिवाळा सौम्य होतो, असं लेकीच्या भूगोलाच्या पुस्तकात आहे. ती विचारते, ‘बाबा, आपणही गल्फमध्येच राहतो, मग तो प्रवाह आपल्या समुद्रातून निघतो का? आणि इथे पाऊस नाशिकसारखा जूनमध्ये न येता थंडीत का येतो?’

उत्तर : लेकीला आधी शाबासकी द्या. दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणी जाऊन भिडतात, हे तिला अजून ठाऊक नसेल.

त्या नावातलं ‘गल्फ’ म्हणजे मेक्सिकोचं आखात. तिथलं कोमट पाणी फ्लोरिडाजवळून अटलांटिकमध्ये शिरतं आणि युरोपच्या दिशेने जातं. लंडनच्याच अक्षांशावर कॅनडातला लॅब्राडोरचा किनारा हिवाळ्यात गोठलेला असतो, लंडनमध्ये मात्र बहुतेक दिवस नुसता पाऊस. पण समुद्र कोमट असला म्हणून जमीन आपोआप उबदार होत नाही. ती ऊब किनाऱ्यावर पोचवतात पश्चिमेकडून वाहणारे वारे. पुस्तकात प्रवाहाचा बाण ठळक छापतात आणि वाऱ्याचा बारीक. मला ते नेहमीच खटकतं.

आता तुमचं आखात. त्याची सरासरी खोली जेमतेम ३५ मीटर. तेवढ्या पाण्यात बारा-तेरा मजली इमारत उभी केली तर गच्ची कोरडी राहील. इतकं उथळ पाणी पटकन तापतं आणि पटकन निवतंही. त्यातही प्रवाह आहे. होर्मुझच्या सामुद्रधुनीतून आत आलेलं पाणी इराणच्या किनाऱ्याने वर सरकतं आणि अरबी किनाऱ्याने परततं. वाटेत इतकी वाफ होते की उरलेलं पाणी खारट आणि जड होऊन तळाशी जातं, आणि तळानेच होर्मुझमधून बाहेर पडतं. लंडनला मिळते तशी दूरदेशीची ऊब हा प्रवाह तुम्हाला देत नाही. तो देतो बाष्प.

डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तुमच्याकडे जे दाट धुकं पडतं, ते याच बाष्पाचं. दुपारी खारे वारे ते आत आणतात, रात्री निरभ्र आकाशाखाली वाळू झपाट्याने थंड होते आणि जमिनीलगतच्या हवेत त्याचे सूक्ष्म थेंब होतात. मग महामार्गावरच्या पाट्यांवर वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटरवर येते.

धुक्यापुरतं हे बाष्प पुरतं. पावसासाठी मात्र हवा वर उचलली जावी लागते, आणि ते काम जेट प्रवाहाचं. उष्ण कटिबंधाची गरम हवा आणि उत्तरेची गार हवा यांच्या सीमेवर, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, हा वाऱ्याचा पट्टा, लंडनला ऊब पोचवणाऱ्या वाऱ्यांसारखाच, पश्चिमेकडून पूर्वेकडे धावतो. लेकीचे दोन्ही प्रश्न भिडतात ते इथेच. हिवाळ्यात दोन्हींच्या तापमानातला फरक वाढतो. पट्टा जोर धरतो, दक्षिणेला सरकतो आणि अरबस्तानावर येतो. तेव्हा त्याचा वेग अनेकदा ताशी २०० किलोमीटरच्या पुढे असतो. मुंबईहून अबू धाबीला जाताना विमानाला जास्त वेळ लागतो आणि परतताना कमी, त्यात या पश्चिमी वाऱ्यांचा मोठा हात असतो.

हा पट्टा सरळ धावत नाही, नागमोडी वळतो. त्याचं वळण दक्षिणेकडे खोल उतरलं की त्याच्या पूर्वेकडच्या बाजूला खालची हवा वर खेचली जाते. आधी आग्नेयेकडून दमट, उबदार वारा सुटतो. आखातातले खलाशी त्याला ‘कौस’ म्हणत. ढग दाटतात, पाऊस पडतो आणि मागोमाग वायव्येचा गार, धुळकट ‘शमाल’ येतो. तुमच्या गच्चीवरच्या कपड्यांना तो नक्कीच ठाऊक असेल!

वळण फार खोल असलं आणि अरबी समुद्राचं बाष्पही मिळालं तर काय होतं, ते १६ एप्रिल २०२४ला दिसलं. अल ऐनजवळच्या खतम अल शकला इथे २४ तासांच्या आत सुमारे २५४ मिलिमीटर पाऊस पडला. १९४९पासूनच्या नोंदींतला अमिरातीतला हा उच्चांक. त्या वेळी कृत्रिम पावसाच्या प्रयोगाला दोष दिला गेला. मला ते अजिबात पटत नाही. त्याच वादळाने शेजारच्या ओमानलाही बुडवलं होतं, आणि एवढा विस्तार विमानातून फवारलेल्या मिठाच्या आवाक्यातला नाही.

जूनमध्ये मात्र जेट प्रवाह पार तिबेटच्या उत्तरेला सरकलेला असतो. मोसमी वारे सोमालियाकडून अरबी समुद्र ओलांडून थेट कोकणाकडे येतात, आणि तुमच्या डोक्यावर वरून खाली उतरणारी कोरडी हवा झाकणासारखी बसते. शेजारी समुद्र उकळत असला, घामाने अंग चिंब होत असलं, तरी ढगाला वर चढायला वाट नसते.

हिवाळ्यातली ही वळणं तुमच्याकडे थांबत नाहीत. इराण, पाकिस्तान ओलांडून ती भारतात येतात. आपण त्यांना पश्चिमी चक्रावात म्हणतो. हिमाचलात त्यांचं बर्फ होतं, महाराष्ट्रात कधी कधी गारा. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आणि २६ नोव्हेंबर २०२३ला निफाडच्या द्राक्षबागांवर झालेला मारा, या दोन्हींमागे या पश्चिमी वाऱ्यांचा हात होता. जानेवारी २०२२मध्ये अशाच एका चक्रावाताच्या मागून आलेल्या धुळीने मुंबई-पुण्याचं आकाश पांढुरकं केलं होतं.

या हिवाळ्यात लेकीला एक वही करायला सांगा. ज्या दिवशी कौस फिरून शमाल सुटेल, ती तारीख लिहायची आणि पुढचे दोन-तीन दिवस नाशिकला फोन करून तिथलं आभाळ कसं आहे ते विचारायचं. दर वेळी जुळणार नाही, कारण बरीच वळणं उत्तरेकडूनच निघून जातात. जी तारीख जुळेल, ती मला जरूर कळवा.