ॲडमिरल व्हायचंय म्हणालीस...

मोहोपाडा, ता. खालापूर

चि. मुक्ता,

तुझं पत्र मिळालं. नाशिकच्या वसतिगृहात रमलीस, गणिताची धास्ती कमी झाली, वाचून बरं वाटलं. शेवटी मात्र एक ओळ टाकून मोकळी झालीस : 'मामा, ॲडमिरल व्हायला काय काय करावं लागतं?' मी इंजिन रूममधला माणूस. आपल्या घाटमाथ्यावर, लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत शिकलो आणि नोकरीभर अधिकाऱ्यांकडे खालूनच पाहत आलो. पण खालून जे दिसतं ते बऱ्याचदा वरच्यांच्या लक्षात येत नाही, म्हणून लिहितो.

आधी हिशेब समजून घे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत (एनडीएत) ३ वर्षं, मग केरळात एळिमलाच्या नौदल अकादमीत साधारण वर्षभर, त्यानंतर खांद्यावर सब-लेफ्टनंटची पट्टी. तिथून २ वर्षांनी लेफ्टनंट, ६ वर्षं झाली की लेफ्टनंट कमांडर, १३ झाली की कमांडर. काम चोख ठेवलं, परीक्षा वेळेत दिल्या, तर इथवर सेवेची वर्षंच नेतात. कॅप्टनच्या हुद्द्यापासून निवड मंडळ बसतं. जागा थोड्या आणि लायक माणसं पुष्कळ. उत्तम अधिकारीही कधी कधी कमांडर म्हणूनच घरी जातो आणि त्यात त्याचं काही चुकलेलं नसतं. नौदल प्रमुख तर एका वेळी एकच. शिवाय ती खुर्ची जहाज चालवणाऱ्या एक्झिक्युटिव्ह शाखेतल्यालाच मिळते.

आणि खुर्ची मिळाली म्हणून सगळं आपल्या मनासारखं होतं असंही नाही. भास्कर सोमण १९६२ ते १९६६ नौदल प्रमुख होते. १९६५च्या युद्धात ७ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानी जहाजांनी द्वारकेवर तोफा डागल्या, पण आपल्या नौदलाला पोरबंदरच्या उत्तरेला जायची सरकारची मनाई होती. सोमणांना तो हुकूम मुळीच पसंत नव्हता. तरी पाळला. जयंत नाडकर्णींची गोष्ट उलटी. १९८८च्या नोव्हेंबरात मालदीवमध्ये बंड झालं, बंडखोर ओलिसांना घेऊन मालवाहू जहाजातून पळाले आणि आपल्या युद्धनौकांनी त्यांना भर समुद्रात गाठलं. तेव्हा प्रमुख नाडकर्णी होते. दोघंही 'डफरिन' या प्रशिक्षण जहाजावर शिकलेले. एकाच्या वाट्याला कोणता काळ आला आणि दुसऱ्याच्या कोणता, हे ठरवणारे ते नव्हते.

मला विचारशील तर तू मनोहर आवटींचा माग काढ. ते प्रमुख झाले नाहीत. १९७१च्या युद्धात ते कॅप्टन होते, 'कामोर्टा' या लहानशा रशियन बनावटीच्या जहाजावर. विमानवाहू 'विक्रांत'बरोबरच्या पूर्व ताफ्यात राहून बंगालच्या उपसागरात नाकेबंदी केली, वीरचक्र मिळालं. पुढे पश्चिम नौदल कमांडचे प्रमुख झाले आणि १९८३ला व्हाइस ॲडमिरल म्हणून निवृत्त. राहायला गेले कुठे, तर फलटणजवळच्या विंचुर्णीला, समुद्रापासून पार दूर! (आपल्याकडे समुद्र कुठे आहे, असं तुझी आई मला सारखी ऐकवते, तिला हे सांग.) भारतीय माणसानं भारतात बांधलेल्या शिडाच्या होडीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास त्यांनी निवृत्तीनंतरही सोडला नाही. रत्नाकर दांडेकरांनी गोव्यात 'म्हादेई' बांधली, कमांडर दिलीप दोंदे पुढे आले आणि २००९-१०मध्ये ४ थांबे घेत फेरी पुरी करून आले. मग अभिलाष टॉमी कुठेही न थांबता. मग २०१७-१८मध्ये 'तारिणी'वर ६ महिला अधिकारी. आवटी २०१८च्या नोव्हेंबरात गेले, तोवर हे सगळं त्यांनी पाहिलं. यातलं काहीही त्यांच्या हुद्द्यामुळे झालं नाही, कारण हुद्दा तर १९८३लाच उतरवून ठेवला होता.

तेव्हा विचार कर तो पहिल्या दहा-बारा वर्षांचा. ते जगणं तुला आवडणार आहे का? ऐन पावसाळ्यात एकदा इंजिन रूमचा फोन बंद पडला म्हणून मी मध्यरात्रीनंतर निरोप घेऊन जहाजाच्या ब्रिजवर गेलो होतो. पहाऱ्यावर एक कोवळा सब-लेफ्टनंट. दोन्ही पायांत बादली धरलेली. ओकायचा, बाहीनं तोंड पुसायचा आणि पुन्हा होकायंत्रावर डोळा लावून समोरच्या दिव्याची दिशा मोठ्यानं सांगायचा. दर दोन-तीन मिनिटांनी. दिशा तीच राहिली आणि अंतर कमी होत गेलं, तर टक्कर ठरलेली. रात्री जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा. दोन्ही एकदम दिसले की समजायचं, ते थेट आपल्या अंगावर येतंय. कमांडिंग ऑफिसरला झोपेतून कधी उठवायचं, हा निर्णय त्या पोराचा होता. आम्ही दोनशे जण खाली निर्धास्त झोपायचो ते त्याच्या भरवशावर. त्याचं नाव पुढे कुठं आलं नाही, पण त्याच्याबरोबर मी कुठंही गेलो असतो.

दुसरं. तुझ्या हाताखाली वीस-वीस वर्षं समुद्रावर काढलेले जुने नौसैनिक, म्हणजे चीफ, असतील. पहिल्या दिवशी सॅल्यूट तेच ठोकतील, पण म्हणून त्यांना शिकवायला जाऊ नकोस. 'चीफ, हे कसं करता?' असं विचारणारा अधिकारी आम्ही डोक्यावर घ्यायचो. न विचारणाऱ्याचं कामही व्हायचं, पण हुकुमापुरतं.

मुलगी म्हणून अडेल का, याची काळजी आता सोड. एनडीएतून १७ मुलींची पहिली तुकडी २०२५च्या मे महिन्यात बाहेर पडली. प्रेरणा देवस्थळी २०२३ साली नौदलाच्या युद्धनौकेच्या पहिल्या महिला कमांडिंग ऑफिसर झाल्या, 'त्रिंकट'वर. दार उघडं आहे. एनडीएची परीक्षा मात्र सगळ्यांना तीच : गणित ३०० गुणांचं, सामान्य क्षमता ६००, आणि एसएसबीच्या मुलाखतीचे ५ दिवस एकटेच ९००. त्या ५ दिवसांसाठी क्लासवाले साचेबंद उत्तरं घोटून घेतात. समोरचे लोक ती रोज ऐकतात.

पोहणं याच वर्षी पक्कं कर. तलावात, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली. सुट्टीत इथे आल्यावर पाताळगंगेत उतरायचं नाही. टाटांच्या खोपोली वीजघरातून सुटलेलं पाणी कधी वाढेल त्याचा नेम नसतो.

आणि दिवाळीत आलीस की पहिल्याच दिवशी पनवेलला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ. रंग ओळखायची तपासणी करून घ्यायची आहे. ते लाल-हिरवे दिवे मघाशी उगाच नाही सांगितले. त्यात काही निघालं तर जहाज चालवायची शाखा तुझ्यासाठी नाही, आणि हे दोन वर्षं घासल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. आईला मी तसं बोललो आहे, तिची हरकत नाही.

तुझा,
मामा