राक्षस नेमका कोण?

रिचर्ड मॅथेसनची 'आय अ‍ॅम लिजंड' ही कादंबरी १९५४ ची. साथीनंतर उरलेला एकटा नेव्हिल दिवसा व्हॅम्पायर शोधून मारतो. शेवटी कळतं, त्यांच्यातल्या काहींनी नवा समाज उभारलाय आणि त्यांच्या लेखी राक्षस हाच! शीर्षकाचा अर्थही तोच.

१९६४ च्या 'द लास्ट मॅन ऑन अर्थ'मध्ये हा नवा समाज निदान दिसतो. १९७१ च्या 'द ओमेगा मॅन'मध्ये मात्र चार्लटन हेस्टनच्या रक्तातून औषध, म्हणजे सरळ तारणहारच. २००७ मध्ये विल स्मिथही औषध वाचवून मरतो.

पण मित्रांनो, डीव्हीडीवरचा दुसरा शेवट बघाच (कुत्र्यासाठी रडला असाल तर नक्कीच). त्यांचा म्होरक्या आपल्या मादीला न्यायला येतो. भिंतीवर प्रयोगात मेलेल्यांचे फोटो. नेव्हिल ते बघतो, तिला परत देतो, माफी मागतो. थिएटरात आपल्याला हे दाखवलंच नाही.