पांढऱ्याहून पांढरे!

गेल्या वर्षी आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नोटा तपासण्याचा एक लहानसा जंबुपार दिवा आणला होता. खोलीत अंधार करून नोटेवरील खुणा कशा उजळतात ते दाखवावे, एवढाच हेतू होता. पण दिवा लावताच सर्वांचे लक्ष नोटेवरून उडाले. मुलांचे पांढरे गणवेश निळसर तेजाने झळकू लागले होते! साध्या साबणाने धुतलेला माझा खादीचा सदरा तेवढा काळोखात बुडाला होता.

"सर, तुमचा सदरा मळलेला दिसतोय," पहिल्या बाकावरून आवाज आला. वर्ग हसला. मी दिवा बंद करून खिडकी उघडली. सदरा त्याच सकाळी धुतलेला होता. बोलणाऱ्या विद्यार्थ्याच्या शर्टाची कॉलर मात्र घामाने पिवळी पडलेली होती. मग जास्त स्वच्छ कोण?

विद्यार्थी मित्रहो, या प्रश्नात पदार्थविज्ञानही आहे आणि जाहिरातशास्त्रही आहे.

प्रथम पदार्थविज्ञान पाहू. ज्या वस्तूवरून सर्व रंगांचा प्रकाश सारख्या प्रमाणात परावर्तित होतो, ती आपल्याला पांढरी दिसते. सुती कापड जुने झाले की ते निळा प्रकाश थोडा शोषू लागते आणि म्हणून पिवळट दिसते. यावर आपल्या आज्यांचा उपाय म्हणजे नीळ. नीळ पिवळा-नारिंगी प्रकाश शोषते. त्यामुळे रंगांचा तोल साधतो, पण एकूण प्रकाश कमीच होतो. नीळ जास्त झाली तर कापड मळकट निळे दिसते ते यामुळेच.

दुसरा उपाय अधिक चतुर आहे. १८५२ साली जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की क्विनीनसारखे काही पदार्थ डोळ्यांना न दिसणारे जंबुपार किरण शोषून दृश्य प्रकाश बाहेर टाकतात. या गुणधर्माला प्रतिदीप्ती म्हणतात. १९२९ मध्ये पाउल क्राइस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हॉर्स चेस्टनट झाडाच्या सालीतील अशाच एका पदार्थात कापड बुडवले, तेव्हा ते अधिक शुभ्र दिसू लागले. आज धुण्याच्या बहुतेक पावडरींत या जातीची कृत्रिम द्रव्ये असतात. त्यांना आपण तेजक म्हणू. ती साधारण ३४० ते ३७० नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण शोषतात आणि ४२० ते ४७० नॅनोमीटरचा निळा प्रकाश देतात. म्हणजे कापडावर जेवढा दृश्य प्रकाश पडला त्याहूनही अधिक परत येऊ शकतो. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम मोडत नाही; जादा प्रकाश येतो तो अदृश्य किरणांतून. 'पांढऱ्याहून पांढरे' हे शब्द या अर्थाने खोटे नाहीत!

पण लक्षात घ्या, तेजक मळ काढत नाही. मळ काढतात ते साबणाचे किंवा प्रक्षालकाचे रेणू. त्यांचे एक टोक पाण्याला धरते व दुसरे तेलकट मळाला. हे काम डोळ्यांना दिसत नाही. शुभ्रता मात्र लगेच दिसते. फेसाचेही तसेच आहे. दार पुढे असलेल्या धुलाईयंत्रात मुद्दाम कमी फेसाची पावडर वापरतात आणि कपडे तरीही स्वच्छ निघतात. तरी बादलीत फेस आला नाही, तर आपले समाधान होत नाही.

जाहिरातीचे काम येथेच सुरू होते. जे मोजायला कठीण आहे त्याच्या जागी ती सहज दिसणारी खूण ठेवते. स्वच्छतेच्या जागी शुभ्रता आली. मग शेजाऱ्याचा शर्ट आपल्यापेक्षा पांढरा कसा, ही चिंता आली. ही चिंता करणारी व्यक्ती जाहिरातीत जवळजवळ नेहमी स्त्रीच असे. घरातील कपड्यांचा रंग हा जणू गृहिणीच्या दक्षतेचा दाखला ठरला. पावडरीबरोबर एक सामाजिक समजूतही घरात शिरली, ती अशी.

भारतात हा खेळ चांगलाच रंगला. १९५९ मध्ये सर्फ बाजारात आली. १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेल या रसायनतज्ज्ञाने निरमा ही कितीतरी स्वस्त पावडर काढली, आणि तिच्या वेष्टनावर शुभ्र झग्यातील मुलगी झळकली. पुढे १९८० च्या दशकात सर्फच्या जाहिरातीतील चोखंदळ 'ललिताजी' स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांतील फरक समजावून सांगू लागली. त्यानंतर काही वर्षांनी त्याच सर्फ घराण्यातील पावडरीने डाग चांगले असतात असे सांगायला सुरुवात केली! ज्या डागाची कालपर्यंत लाज वाटत होती, तो आता मुलाच्या चांगुलपणाची खूण झाला. डाग तोच, आपली नजर मात्र जाहिरातीने दोनदा बदलली.

म्हणून सर्वच जाहिराती खोट्या, असे समजू नका. नवी वस्तू, तिची किंमत, तिचा उपयोग हे त्यांतूनच आपल्याला कळते. खोट्या दाव्याविरुद्ध कायदाही आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण शुभ्र कपडे दाखवून स्वच्छतेचा भास निर्माण करणे कोणत्या कलमात बसवणार? तेथे आपली चौकस बुद्धीच उपयोगी पडते.

करून पाहा : एकाच मांजरपाटाचे दोन सारखे तुकडे घ्या. दोन्हींना तेल व काजळी यांचा सारखा डाग लावा. जंबुपार दिव्याखाली न उजळणाऱ्या साबणाने पहिला तुकडा नीट चोळून धुवा. दुसरा उजळणाऱ्या पावडरीच्या पाण्यात नुसता भिजवून काढा. वाळल्यावर डागाचा भाग कागदाने झाका आणि ज्याला काही माहीत नाही अशा मित्राला उन्हात विचारा, 'जास्त स्वच्छ कोणता?' मग कागद काढा. रात्री एलईडी दिव्याखाली हीच तुलना पुन्हा करा. त्या प्रकाशात जंबुपार किरण जवळजवळ नसतात. प्रत्येक निरीक्षण वहीत नोंदवा. दिव्याकडे मात्र थेट पाहू नका.

यापुढे कोणतीही जाहिरात पाहताना तीन प्रश्न विचारा : यांनी नेमके काय मोजले? कशाशी तुलना केली? आणि मला हवे होते ते हेच का?