वाफेचीं जुनीं खेळणीं व त्यांचा संग्रह

वाफेनें गिरण्या व आगगाड्या चालविल्या, हें विद्यार्थी पुस्तकांत वाचतात. तीच शक्ति मुलांस प्रत्यक्ष पाहतां यावी, म्हणून कारागिरांनीं खरोखर वाफेवर चालणारीं लहान इंजिनें केलीं. जर्मनींतील न्यूरेंबर्ग शहर ह्या धंद्याचें माहेरघर होय. बिंग व प्लांक हे कारखाने तेथलेच. अमेरिकेंतील वीडन कारखान्याचें इंजिन १८८४ सालीं निघालें. 'यूथ्स कंपॅनियन' ह्या नियतकालिकास नवे वर्गणीदार मिळवून देणाऱ्या मुलांस तें बक्षीस मिळे.

रचना साधी आहे. पितळी बॉयलरमध्यें पाणी घालून खालीं स्पिरिटचा दिवा लावितात. वाफ नळीवाटे सिलिंडरकडे जाते. पुष्कळ इंजिनांत हा सिलिंडर आंसावर डोलतो. एका बाजूस झुकतांच त्याचें छिद्र वाफेच्या छिद्रासमोर येतें व वाफ दट्ट्यास ढकलते. दुसऱ्या बाजूस झुकतांच तेंच छिद्र बाहेरच्या वाटेस जुळतें व वापरलेली वाफ निघून जाते. मधल्या क्षणीं जड चाकाचा वेग यंत्रास पुढें नेतो. निराळी झडप-योजना लागत नसल्यामुळें असें इंजिन स्वस्तांत होई.

संग्राहक प्रथम कारखान्याची खूण शोधतो. 'जीबीएन' म्हणजे 'बिंग बंधु, न्यूरेंबर्ग'. पहिल्या महायुद्धानंतरच्या मालावर 'बीडब्ल्यू' अक्षरें येतात. अशा खुणेवरून वस्तूचा काळ ठरतो. यास्तव जुना रंग खरवडून नवा देणें किंवा पितळ घांसून लखलखीत करणें म्हणजे वस्तूची साक्षच पुसून टाकणें होय.

याहून महत्त्वाची गोष्ट जिवाची. अनेक जुन्या बॉयलरांचे सांधे कथलाच्या डाखानें जोडलेले असतात. आंत पाणी आहे तोंवर धातूची उष्णता मर्यादेंत राहते. पाणी आटलें कीं दिव्याच्या ज्योतीनें डाख वितळतो. संरक्षक झडप गंजून अडकली असेल, तर कोंडलेल्या वाफेस वाट उरत नाहीं व बॉयलर फुटूं शकतो. म्हणून जाणते लोक बॉयलर थंड पाण्यानें कांठोकांठ भरून पंपानें दाब देऊन पाहतात. पाणी फारसें दाबलें जात नाहीं, त्यामुळें सांधा सुटला तरी तें केवळ गळतें. वाफ मात्र दाबांतून सुटतांच एकदम फैलावते आणि भाजते.

ही परीक्षा माहितगारानेंच करावी. पालकहो, घरांत असें जुनें इंजिन सांपडल्यास मुलांस तें अवश्य दाखवावें, चाक हातानें फिरवून सिलिंडर कसा डोलतो हें समजावून सांगावें. परंतु परीक्षा होईपर्यंत दिवा पेटवूं नये.