जमिनीचा भाव पिकांच्या हिशेबाने

चि. संजय यास,

कर्जतला राजनाल्याच्या भिजवणीतली भातजमीन घ्यायची, भराव टाकून बिगरशेती (एनए) करायची आणि फार्महाऊसचे प्लॉट पाडायचे, हा तुझा बेत कळला. व्यवहारात लबाडी नाही, हे मान्य. तरी सही करण्याआधी बायबलातल्या लेवीयाचा पंचविसावा अध्याय अर्थशास्त्र म्हणून वाच. योबेल वर्षापर्यंत, म्हणजे जमीन मूळ मालकाकडे परत जाण्याच्या वर्षापर्यंत, जितकी पिकं उरली असतील, तितकीच जमिनीची किंमत, असा तिथे नियम आहे. विकली जातात ती पिकं. जमीन देवाची, म्हणून ती कायमची विकताच येत नाही. कर्जत-खालापुरात मात्र गुंठ्याचा भाव मुंबईचं अंतर आणि महामार्ग पाहून ठरतो. भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रातून सुटलेलं पाणी राजनाल्याने येतं आणि त्यावर उन्हाळी भातही निघतं, हे त्या भावात कुठेच दिसत नाही. शिवाय खाचर एकटं नसतं. वरच्या खाचराचं पाणी बांध फोडून खालच्यात सोडतात. मधल्या खाचरात पुरुषभर भराव पडला, की वरचं तुंबतं आणि खालचं तहानतं. त्या दोन्ही खाचरांच्या मालकांची नावं तुझ्या खरेदीखतात नसतील, पण तुझ्या नफ्यातला काही भाग त्यांच्या खिशातून आलेला असेल.

तू म्हणशील, विकणारा राजीखुशीने विकतो. पण आषाढ-श्रावणात कणगी रिकामी झाली, की उसनं धान्य वाढीदिढीने घ्यावं लागतं. त्या कर्जाखाली दिलेला होकार पुरता मोकळा नसतो. म्हणूनच तोच अध्याय गरिबाला दिलेल्या अन्नावर नफा घेऊ नका म्हणतो आणि विकलेली जमीन सोडवून घेण्याचा हक्क त्याच्या भाऊबंदांना देतो. हे केवळ पोथीतलं नाही. कशेळ्याच्या ॲकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सने आदिवासी वाड्यांमध्ये धान्य बँका उभ्या केल्या त्या याच अडचणीवर. देवाने माणसाला पृथ्वीवर सत्ता दिली, असा उत्पत्तीचा दाखलाही तू देशील. त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात माणसाला बागेत ठेवलं ते मशागतीसाठी आणि राखणीसाठी. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात ही दोन्ही वचनं एकत्र वाचली आहेत. आपण प्रॉटेस्टंट असलो, तरी ते वाचन मला पटतं.

पैसा गुंतवायचाच असेल, तर ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्याने जमीन घे, पट्टा दोन्ही हंगामांच्या पिकांवर ठरव आणि कसायला त्याच घरातली माणसं ठेव. परतावा प्लॉटपेक्षा पुष्कळ कमी मिळेल, हे लपवत नाही. आणि काहीही ठरवण्याआधी वरच्या व खालच्या खाचरवाल्यांना गाठून पाणी कुठून कुठे जातं, ते विचारून घे.

तुझा,
काका