‘वेक अप’: जागे होणे आणि जागे करणे



इंग्रजीत क्रियापदापाठोपाठ ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’ असा लहानसा शब्द येऊन दोहोंचा मिळून जो एक अर्थ होतो, त्या जोडीस ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात, आणि ‘वेक अप’ ही जोडी नित्याची असली तरी ती जपून वापरावी. डहाणू रोडहून पहाटेची लोकल पकडणारा चाकरमानी जागा होतो ते ‘वेक अप’ आणि अंथरूण सोडतो ते ‘गेट अप’, हा भेद लवकर अंगवळणी पडतो. कर्म सर्वनाम असेल तर ते मध्ये बसते, म्हणून ‘वेक देम अप’ म्हणावे, ‘वेक अप देम’ म्हणू नये.

खरी गोम पुढेच आहे. मराठीत जागे होणे निराळे आणि जागे करणे निराळे. इंग्रजीत मात्र दोहोंसाठी ‘वेक अप’च येते, आणि क्रिया अकर्मक आहे, म्हणजे कर्त्यापाशीच थांबते, की सकर्मक आहे, म्हणजे दुसऱ्यावर घडते, हे कर्म आहे की नाही यावरूनच ओळखावे लागते. वारली आदिवासींना संघटित करणाऱ्या गोदावरी परुळेकर यांनी त्यांच्या लढ्यावर लिहिलेल्या पुस्तकास १९७० मध्ये ‘जेव्हा माणूस जागा होतो’ असे नाव दिले, त्यात जागा होणारा माणूसच कर्ता आहे, आणि ते यथार्थ आहे. कारण २३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे जमलेल्या हजारो वारल्यांनी वेठ, म्हणजे जमीनदाराकडचे सक्तीचे फुकट काम, करायचे नाही आणि रोजचे बारा आणे रोख मिळाल्याखेरीज त्याच्या शेतावर कामास जायचे नाही असे ठरवले, तेव्हा माराची आणि उपासमारीची जोखीम ज्याची त्यानेच पत्करली. त्याच लढ्यात त्या वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्यास पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले.

गोदावरीबाईंचे संघटनेचे कार्य फार मोठे होते यात शंका नाही; तरीही ‘गोदावरी वोक द वारलीज अप’ हे वाक्य व्याकरणशुद्ध असूनही अपुरे आहे. ‘वेक अप’ला ‘टू’ जोडल्यास एखाद्या गोष्टीचे भान येणे असा अर्थ होतो, म्हणून ‘द वारलीज वोक अप टू देअर ओन स्ट्रेंग्थ’ हे वाक्य अधिक खरे ठरते. परीक्षेत तलासरी तालुक्याच्या इतिहासावर निबंध आला, तर वारल्यांना कर्त्याच्या जागी ठेवूनच लिहावे.